डब्ल्यूएमआय ड्रायव्हरमधला हॉटकीचा भलामोठा स्विच: कुठून सोडवायचा?

स्कॅनकोड:
लिनक्स कर्नलच्या प्लॅटफॉर्म/एक्स८६ मधला एका लॅपटॉपचा डब्ल्यूएमआय (फर्मवेअरशी बोलण्याचा मार्ग) ड्रायव्हर साफ करायला घेतलाय. नोटिफाय हँडलरमध्ये (फर्मवेअरने हॉटकी कळवली की चालणारं फंक्शन) लांबच लांब स्विच आहे. प्रत्येक केसमध्ये तेच: की दाबली, सिंक (इव्हेंट पूर्ण झाल्याची खूण), की सोडली, सिंक. मध्येच वायफाय आणि ब्राइटनेससाठी वेगळे इफ. त्यात ब्राइटनेस एका दाबात दोन पायऱ्या सरकतो आणि वायफाय बंद होऊन लगेच चालू होतो. चालू असलेलं न मोडता हे कोणत्या क्रमाने आवरावं?

पॅचवाला:
आधी वागणूक अजिबात न बदलणारा पॅच. इनपुट सबसिस्टीममध्ये स्पार्स कीमॅप नावाची तयार लायब्ररी आहे, ती याच कामासाठी आहे. की_एंट्रीचं एक स्टॅटिक कॉन्स्ट टेबल करा. प्रत्येक ओळीत प्रकार, फर्मवेअरकडून येणारा कोड आणि लिनक्सचा कीकोड. शेवटी केई_एंड (टेबल संपल्याची ओळ) हवाच. तो विसरलात तर सेटअप टेबलाच्या पुढची मेमरी वाचत सुटतो, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही.

मग स्पार्स_कीमॅप_सेटअप, त्यानंतर इनपुट डिव्हाइसची नोंदणी, आणि सगळ्यात शेवटी नोटिफाय हँडलर बसवा. उलट केलंत तर बूट होताना कोणी की दाबली की हँडलर अर्धवट डिव्हाइसवर जाऊन आपटेल. काढताना क्रम उलटा.

सेटअप टेबलाची स्वतःची प्रत काढतो. त्यामुळे मॉडेलनुसार टेबल बदलायचं असेल तर डीएमआय तपासणी (फर्मवेअरमधल्या माहितीवरून मॉडेल ओळखणं) सेटअपच्या आधी. नंतर मूळ टेबलात केलेले बदल कुठेच पोहोचत नाहीत.

अख्ख्या स्विचच्या जागी स्पार्स_कीमॅप_रिपोर्ट_इव्हेंटची एकच हाक उरते. चौथा पॅरामीटर ऑटोरिलीज, म्हणजे 'सोडली' हे आपोआप पाठवणं. फर्मवेअर फक्त 'दाबली' एवढंच कळवत असेल तर तो ट्रू. नाहीतर की दाबलेलीच राहते. अनोळखी कोड आला तर फंक्शन फॉल्स देतं आणि की_अननोन पाठवतं, तेव्हा तिथे कोडसकट एक लॉग ओळ टाका. नव्या मॉडेलच्या तक्रारी त्याच ओळीवरून सुटतात.

ऑटोरिलीज:
वरचं बरोबर, पण तुमचे दोन बग टेबलाने जाणार नाहीत. ते वेगळ्या पॅचमध्ये घ्या, म्हणजे बायसेक्ट करताना (कोणत्या पॅचने बिघडलं ते शोधताना) दोष नेमका सापडतो.

ब्राइटनेस: तीच की एसीपीआय (फर्मवेअर आणि कर्नलमधला प्रमाणित इंटरफेस) व्हिडिओ ड्रायव्हरही कळवतोय. एसीपीआय_व्हिडिओ_हँडल्स_ब्राइटनेस_की_प्रेसेस ट्रू देत असेल तर तुम्ही गप्प बसा. हे इव्हेंट आल्यावर विचारा, प्रोबमध्ये (ड्रायव्हर सुरू होताना) नको, कारण व्हिडिओ ड्रायव्हर तुमच्यानंतरही लोड होऊ शकतो.

वायफाय: फर्मवेअरने रेडिओ स्वतःच बंद केलेला असतो, वर तुम्ही की_डब्ल्यूलॅन पाठवता आणि युजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम) तो परत चालू करतं. त्या ओळीचा प्रकार केई_इग्नोर (कोड ओळखायचा, पण की पाठवायची नाही) करा आणि बदललेली स्थिती आरएफकिलमार्फत (रेडिओची चालू-बंद स्थिती सांभाळणारी कर्नलची यंत्रणा) कळवा. ओळ काढून टाकू नका, नाहीतर प्रत्येक दाबाला अनोळखी कीची बोंब. टचपॅडलाही तोच न्याय: फर्मवेअर स्वतः बदलत असेल तर टचपॅड_ऑन किंवा ऑफ, युजरस्पेसने बदलायचं असेल तरच टॉगल.

स्कॅनकोड:
पहिला पॅच झाला, ईव्हटेस्टमध्ये (इनपुट इव्हेंट दाखवणारं टूल) आधीचेच इव्हेंट दिसतात. पण माइक म्यूट ईव्हटेस्टमध्ये येतो आणि एक्समध्ये (डेस्कटॉपची एक्स विंडो सिस्टीम) मात्र काहीच नाही. कीकोड बदलून एफ२० करू का?

पॅचवाला:
ड्रायव्हरमध्ये नको. की_माइकम्यूट २४८ आहे. एक्स त्यात ८ मिळवतं, म्हणजे २५६, आणि त्याची मर्यादा २५५. अडचण एक्सची आहे, तर उपायही युजरस्पेसमध्ये, युडेव्हच्या (डिव्हाइस सांभाळणारी सेवा) एचडब्ल्यूडीबीत, म्हणजे हार्डवेअरच्या नोंदींच्या डेटाबेसमध्ये, त्या स्कॅनकोडला एफ२० लावून. स्पार्स कीमॅप असल्याने कर्नल न बदलता हे होतं. केई_इग्नोरच्या ओळी मात्र असं रीमॅप होत नाहीत.

नोटिफाय_क्यू:
एक राहिलं. कर्नल ६.८ पासून एसीपीआयचे नोटिफाय हँडलर एकाच वेळी वेगवेगळ्या सीपीयूवर चालू शकतात. ऑटोरिलीजमध्ये दाबणं आणि सोडणं हे दोन वेगळे रिपोर्ट असतात. त्यांच्यामध्ये दुसरा हँडलर घुसला आणि की तीच असेल, तर दुसरं 'दाबली' इनपुट कोअर गाळून टाकतो, दोन दाबांचा एक होतो. हँडलरभोवती म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घाला. हँडलर प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये चालतो, म्हणजे तो थांबून राहू शकतो, तेव्हा न झोपता वाट बघणाऱ्या स्पिनलॉकची गरज नाही.

आणि जुनं डब्ल्यूएमआय_गेट_इव्हेंट_डेटा वापरत असाल तर मिळालेला ऑब्जेक्ट केफ्री होतोय का (त्याची मेमरी मोकळी होतेय का) ते प्रत्येक रिटर्नवर बघा. असल्या स्विचमध्ये मधूनच बाहेर पडणारा एखादा रिटर्न हमखास गळका असतो. डब्ल्यूएमआय बसच्या नोटिफाय कॉलबॅकवर गेलात तर उलट: ऑब्जेक्ट आयता मिळतो, तो तुम्ही मोकळा करायचा नाही.