शेंग फुटू नये म्हणून जनुक कापलेलं सोयाबीन आलं, तर पेरायचं का?

गोदाकाठ, परभणी

दोन वर्षांखाली ऑक्टोबरात माझं चार एकर सोयाबीन काढणीला आलं आणि मजूर मिळाले नाहीत. आठ दिवस गेले. दुपारच्या उन्हात शेंगा तडतड फुटायच्या, बांधावर उभं राहिलं तरी ऐकू यायचं. घरात यायचे ते दाणे वावरात सांडले.

म्हणून हा विषय काढतोय. मे २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुकसंपादित भाताचे दोन वाण जाहीर केले: हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा डीआरआर धान १०० म्हणजे 'कमला', आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचा डीएसटी राईस १. 'कमला' सांबा मसुरीपासून केलाय. उत्पादन १९ टक्के जास्त आणि पीक वीसेक दिवस आधी, असा संस्थेचा दावा आहे. भात आपलं पीक नाही, पण रीत समजून घ्या. बीटी कापसात जमिनीतल्या जिवाणूचं जनुक आणून घातलं होतं. इथं भाताच्याच एका जनुकावर क्रिस्पर नावाची कात्री चालवली, आणि पुढच्या पिढ्यांतून कात्रीचा अंश नसलेली रोपं निवडली.

सोयाबीनची शेंग फुटण्यात पीडीएच-१ या एका जनुकाचा मोठा वाटा असतो. ते निकामी असलेले वाण आधीपासून जगात आहेत, त्यांची शेंग उन्हात टिकते. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं एखाद्या चांगल्या वाणात एवढाच बदल केला, तर मी पेरीन. अट एकच. वाण सरळ पाहिजे, संकरित नको, म्हणजे घरचं बियाणं धरता येईल.

सरकी, जालना

दादा, कात्री असो नाहीतर जिवाणू, आम्ही एकदा भरवसा ठेवून बसलोय. २००२ ला बीटी आलं तेव्हा ४५० ग्रॅमचं पाकीट १६०० रुपयांना होतं. वडिलांनी उधारीवर दोन आणली. सुरुवातीची वर्षं चांगली गेली, खोटं कशाला बोलू. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, फवारे कमी झाले. देशात २००२-०३ ला हेक्टरी ३०२ किलो रुई निघायची, २००७-०८ ला ५५४ निघाली.

मग २०१७ उजाडलं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. आई रोज सकाळी डोमकळ्या, म्हणजे अळीनं मिटवून टाकलेली फुलं, तोडून पिशवीत भरायची आणि संध्याकाळी जाळायची. शेवटी सहा एकर उभ्या कपाशीत रोटाव्हेटर घातला. दुकानदार म्हणाला हवामान. कंपनीचा माणूस म्हणाला, तुम्ही रेफ्युजी लावली नाही, म्हणजे अळी बीटीला सरावू नये म्हणून कडेनं लावायची बिगर-बीटी कपाशी. बियाणं विकताना यातलं काहीच कुणी नीट सांगितलं नव्हतं. तुमच्या सोयाबीनचं काही बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं, तेवढं सांगा.

गोदाकाठ, परभणी

त्या साली माझीही दीड एकर गेली, त्यामुळं तुमचं दुःख मला परकं नाही. पण अळीला बळ कुठून आलं? रेफ्युजीचं १२० ग्रॅमचं पाकीट मी स्वतः बांधावर फेकलं. पाणी होतं म्हणून फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी, मार्चपर्यंत ठेवली. गुलाबी अळी जगते मुख्यतः कपाशीवर, आणि लांब मुदतीच्या संकरित वाणांनी तिची सोय केली. शेंग न फुटणं हे कुठल्या किडीला मारण्याचं काम नाही. त्यात पलटून उभं राहायला अळीच नाही. नुकसानीला कोण जबाबदार, याचं उत्तर मात्र माझ्याकडं नाही, आणि तो प्रश्न तुमचा रास्त आहे.

कोठी, औसा

आमच्या घरी बियाणं मी ठेवते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून गुंडाळायचे, सत्तरच्या वर उगवले तरच पेरायचं. २०२० ला घरचं कमी पडलं म्हणून विकतच्या दोन बॅगा आणल्या. पाऊस चांगला होता, तरी तासं रिकामी राहिली. दुबार पेरणी केली, भरपाईचा रुपया आला नाही. गोदाकाठ भाऊ, तुमची अट मला पटते. माझी आणखी एक: काय बदललंय ते बॅगेवर मराठीत छापलेलं पाहिजे.

प्रयोगवही, लातूर

मी जीवशास्त्र शिकवतो, क्रिस्परचं मला मनापासून कौतुक आहे, आणि तरीही माझा विरोध आहे. ३० मार्च २०२२ च्या आदेशानं पर्यावरण मंत्रालयानं अशा पिकांना जीएम, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेल्या पिकांच्या, नियमांतल्या मुख्य तरतुदींतून सूट दिली. बाहेरचं जनुक उरलेलं नाही याची तपासणी मुख्यतः संस्थेच्याच जैवसुरक्षा समितीकडं. कात्री भलत्या जागी चालू शकते, हे तर क्रिस्पर वापरणारा प्रत्येक जण जाणतो. २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती देण्याआधी सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, त्यांत नागपूरही होतं. आता शेतकऱ्याला विचारलं कुणी?

दुसरं म्हणजे, शेंग फुटण्याला एक जनुक पुरत असेल. पण आपलं मोठं दुखणं दुष्काळ, आणि त्याला तोंड देण्यात कितीतरी जनुकं गुंतलेली असतात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ते प्यायला. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं बीडीएन ७११ आणि गोदावरी ही तूर साध्या निवड-संकरानं दिली, आणि आज गावोगाव दिसते. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात पिकांच्या जनुकसंपादनासाठी ५०० कोटी ठेवले. बदनापूरसारख्या केंद्रांनाही तसाच हात सैल सोडा.

पाड्यावरची सिस्टर, किनवट

सर, तुमचं वाचून थोडं अस्वस्थ व्हायला झालं. माझ्याकडं सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, लेकरं येतात. थंडीत सांधे धरून रडतात, आणि मी सलाईन लावून पाठीवर हात फिरवते. याच क्रिस्परवर आधारलेल्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, संपादित करून परत देतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. मला या विज्ञानाची भीती वाटत नाही, ते माझ्या पाड्यापर्यंत पोचणारच नाही याची वाटते. तपासण्या कडक करा, पण थांबवा म्हणू नका.

प्रयोगवही, लातूर

सिस्टर, उपचार थांबवा असं मी म्हणणार नाही. तिथं रुग्ण संमती देतो, डॉक्टर वर्षानुवर्षं त्याच्यावर लक्ष ठेवतात. बियाण्याच्या बाबतीत तेवढंच मागतोय.

गोदाकाठ, परभणी

सर, तपासणी बाहेरच्या समितीनं करावी, हे मला मान्य. ताईंची मराठी छपाईही मान्य. १८ मेला कृषी विद्यापीठाच्या वर्धापनदिनाचा खरीप मेळावा असतो. मी उठून शास्त्रज्ञांना विचारणार आहे: सोयाबीनच्या शेंगेवर काम चालू आहे का, वाण सरळच राहील का, चाचण्यांचे आकडे आम्हाला बघता येतील का.

सरकी, जालना

मी येतो. माझं मत बदललेलं नाही, चौथा प्रश्न मी स्वतः विचारीन: पीक गेलं तर भरपाई कोण देणार, आणि ते बॅगेवर लिहून देणार का. २०१७ ची पावती अजून जपून ठेवलीय, ती घेऊन येतो.