एस्कोबारचा फोन गाडीतून कसा शोधला?

एकाने विचारलंय, ‘नार्कोस’ या वेब सिरीजच्या दुसऱ्या सीझनच्या शेवटी फोनवरून कोलंबियातला ड्रग माफिया पाब्लो एस्कोबारचा माग काढतात ते खरं की फिल्मी? गाभा खरा आहे. 2 डिसेंबर 1993 ला कोलंबियातल्या मेडेयीन शहरात तो मुलाशी रेडिओफोनवर बोलत राहिला, तिथेच फसला.

एका अँटेनाने दिशा कळते, अंतर नाही. दुसऱ्या जागेवरूनही दिशा घ्यायची. नकाशावर दोन रेषा छेदतात तिथे माणूस. समजा फोन ठाण्यात नौपाड्यात आहे, तर एक गाडी तलावपाळीला, दुसरी तीन हात नाक्याला असून भागत नाही. दोन्ही रेषा जवळपास एकाच ओळीत येतात, छेद भलतीकडेच जातो. कोन काटकोनाच्या आसपास हवा. त्यातही 2 किमीवर 3 अंशांची चूक म्हणजे सुमारे 100 मीटर, तेवढ्यात आपल्याकडे चार सोसायट्या बसतात!

शिवाय मेडेयीन दरीत वसलंय. डोंगर-भिंतींवरून सिग्नल परततो आणि यंत्र चुकीचं घर दाखवतं. (घोडबंदरच्या टॉवरांमध्ये, पाठीशी येऊरचे डोंगर, तीच गत होईल.) म्हणून शेवटचा टप्पा गाडी हळू फिरवत, सिग्नलचा जोर बघत काढावा लागतो. मेडेयीनमध्येही अखेरीस एस्कोबार खिडकीत डोळ्यांनीच दिसला.