पार्क सिटी : स्कीइंगने गाव वाचवलं की खाणमालकांना?

डोंगरवाट :
अमेरिकेत युटा राज्यातल्या पार्क सिटीवरची कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. थोडक्यात ती अशी : चांदीच्या खाणी बंद पडल्या, गाव ओस पडलं, मग स्कीइंग आलं आणि गावाला जीवदान मिळालं. खाली सगळ्यांचे बदाम.

अहो, स्कीइंग 'आलं' कुठून? 21 डिसेंबर 1963 ला तिथला रिसॉर्ट उघडला तो युनायटेड पार्क सिटी माइन्स या खाण कंपनीनेच! धातूंचे भाव पडलेले, कंपनीकडे हजारो एकर डोंगर पडून, आणि बेकारीने ग्रासलेल्या भागांच्या योजनेतून केनेडींच्या काळात मिळालेलं साडेबारा लाख डॉलरचं सरकारी कर्ज. दोन वर्षांनी तर लोकांना चक्क खाणीतून उतारावर न्यायला लागले. स्पायरो बोगद्यातून खाणगाडीने सुमारे तीन मैल डोंगराच्या पोटात, आणि तिथून कामगारांच्याच पाळण्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, सतराशे फूट सरळ वर. आत पाणी ठिबकायचं, ओल्या कपड्यांनी लोक बर्फात बाहेर पडायचे. काही वर्षांत ते प्रकरण गुंडाळलं.

पुढे कंपनीने रिसॉर्टचा धंदा विकला, पण डोंगर हातचा सोडला नाही, भाड्याने दिला. 2011 मध्ये चालवणाऱ्यांकडून करार वाढवण्याचं पत्र वेळेत गेलं नाही, कोर्टबाजी झाली, आणि 2014 मध्ये वेल रिसॉर्ट्स या बड्या स्की कंपनीने 18 कोटी 25 लाख डॉलर मोजून रिसॉर्ट घेतला. गावाला कुणी विचारलं? 1872 मध्ये जॉर्ज हर्स्ट या खाणमालकाने तिथली ऑन्टारिओ खाण 27 हजार डॉलरना घेतली तेव्हाही नव्हतं विचारलं. जीवदान मिळालं ते मालकांना.

मीनल सॉल्टलेक :
मी तिथून अर्ध्या तासावर राहते, म्हणून बोलते. मालकी मालकी काय लावलंय? 1960 च्या सुमारास गावात जेमतेम चौदाशे माणसं उरली होती. कंपनीने रिसॉर्ट काढला नसता तर तीही गेली असती. आणि खाण म्हणजे काय, ते माहीत आहे का? जुलै 1902 मध्ये डेली वेस्ट खाणीत जमिनीखालचा स्फोटकांचा साठा उडाला आणि 34 माणसं गेली. बरीचशी स्फोटाने नाही, विषारी वायूने. तो वायू शेजारच्या ऑन्टारिओतही शिरला.

माझे वडील विदर्भातल्या एका कोळसा खाणीत होते. निवृत्तीनंतर जिना चढताना दर दोन पायऱ्यांवर थांबायचे. त्यांची खोकल्याची रात्र ज्याने ऐकली, तो स्कीइंगला नावं ठेवणार नाही.

निवृत्त ओव्हरमन :
मीनलताईंशी शंभर टक्के सहमत. पण दोघंही एक विसरताय. खाण बंद केली म्हणून पाणी यायचं थांबत नाही. पार्क सिटीच्या नळाला आजही त्याच स्पायरो आणि जज बोगद्यांचं पाणी आहे. त्यात आर्सेनिक, अँटिमनी अशी विषारी द्रव्यं येतात, म्हणून ते पाणी शुद्ध करून द्यावं लागतं. प्रॉस्पेक्टर नावाची वस्ती तर टेलिंग्जवरच, म्हणजे धातू काढून उरलेल्या खाणीच्या गाळावरच उभी आहे. शिसं वर येऊ नये म्हणून तिथे मातीचा स्वच्छ थर राखायचा नगरपालिकेचा नियम आहे. खाणवाले चांदी घेऊन गेले, गाळाचा खर्च करदात्यांवर. आपल्याकडेही हेच होणार आहे, लिहून ठेवा.

सीझनपास :
इतिहास राहू द्या हो. स्कीइंगचं एका दिवसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या वर गेलंय, त्यावर कुणी बोला! आणि डिसेंबर 2024 मध्ये ऐन नाताळात तिथल्या स्की पट्रोलवाल्यांनी, म्हणजे उतारांवरची सुरक्षा सांभाळणाऱ्यांनी, संप केला. वर्षभर पैसे साठवून आलेल्या कुटुंबांनी काय घोडं मारलं होतं? हौसेची नोकरी आहे ती. परवडत नसेल तर दुसरी धरा.

डोंगरवाट :
हौसेची?! पहाटे अंधारात हातात स्फोटकं घेऊन हे लोक कड्यावर जातात आणि लोंबणारा बर्फ मुद्दाम पाडतात, म्हणजे नऊ वाजता तुमच्या पोरांवर तो कोसळू नये. मागणी होती तासाला 21 चे 23 डॉलर. सुमारे दोनशे जण, जवळपास दोन आठवडे बाहेर. ज्या गावात साधं घर लाखो डॉलरचं, तिथे ही मागणी माज वाटते तुम्हाला?

सीझनपास :
'माज' हा शब्द माझ्या तोंडी घालू नका. संप ऑक्टोबरमध्ये करता आला असता, एवढंच म्हणणं आहे.

कोलोरॅडोची आत्या :
ऑक्टोबरमध्ये संप केला तर ऐकतो कोण? माझा भाचा अशाच एका डोंगरी गावात स्की लिफ्टवर कामाला आहे. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. पहिला हिवाळा त्याने व्हॅनमध्ये काढला. आतल्या बाजूने काचेवर बर्फ जमायचा, तो सकाळी तिकिटाच्या प्लास्टिक कार्डाने खरवडायचा. पुढे चौघांत एक खोली मिळाली, तीही पन्नास मैलांवर. खाणकामगाराला निदान कंपनीच्या खानावळीत खाट तरी होती.

मीनल सॉल्टलेक :
आत्या, भाच्याचं वाईट वाटलं. पण ती खाट फार गोड करून सांगू नका. खाट आणि जेवण, दोन्हीचे पैसे पगारातून कापले जायचे. भाच्याला नोकरी सोडता येते. माझ्या वडिलांना नाही आली.

सीझनपास :
संपानंतर पगार वाढला, हेही सांगा की. सरासरी चार डॉलर. सुरुवातीचा पगारही 23 झाला. म्हणजे मागणी अवाजवी नव्हती, ठीक आहे. तरी नाताळ तो नाताळच.

डोंगरवाट :
एवढं बोललात, पुरे आहे. मीनलताई, फुप्फुसात धूळ जाण्यापेक्षा हे बरं, यावर वाद नाही. पण खाणीच्या काळी कामगारांची युनियन होती. डेली वेस्टनंतर 1904 मध्ये मायनर्स हॉस्पिटल उभं राहिलं ते त्या युनियनच्या जोरावर. आज डोंगर ज्यांच्या नावावर आहे त्यांनी गावासाठी असं काय उभं केलंय?

मीनल सॉल्टलेक :
बरं झालं हॉस्पिटलचा विषय काढलात. ती इमारत 1979 मध्ये जागेवरून उचलून सिटी पार्कात नेली. तिथे वाचनालय केलं तेव्हा गावकऱ्यांनी रस्त्यावर साखळी करून पुस्तकं हातोहात पोचवली. यातले कितीतरी स्कीइंगसाठी येऊन तिथेच राहिलेले लोक. तुमच्या हिशेबात मालक आणि कामगार दोनच रकाने आहेत. ही माणसं कुठे बसवता, तेवढं सांगा.