मदत हवी आहे: सोलापुरात स्तनांच्या कर्करोगाबद्दल बायकांशी बोलायचं आहे, पण हॉलमधलं भाषण नको

पाटी_पेन्सिल

नमस्कार मंडळी. लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर सल्लेही अर्धवटच मिळतील.

मी सोलापूरची. पूर्व भागातल्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी आज विड्या वळतात, त्यांच्या आयाही वळायच्या. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कानडी. मला तेलुगू कळतं, बोलायला लागले की पोरं हसतात.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या महिला मंडळाने एका संस्थेला बोलावून कार्यक्रम केला. गुलाबी फुगे, गुलाबी फिती, डॉक्टरांचं चाळीस मिनिटांचं भाषण, पडद्यावर इंग्रजी आकृत्या. ऐंशीएक बायका आल्या. चहा-बिस्किटं झाली, फोटो झाले, सगळ्या घरी गेल्या.

त्या ऐंशीत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. तिला त्या दिवशीसुद्धा गाठ होती. मला हे कळलं जूनमध्ये, तिची मुलगी दारात येऊन "टीचर, बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्यात कोणी ओळखीचं आहे का" म्हणाली तेव्हा. नंतर मी तिला विचारलं, अगं, तू तर हॉलमध्ये बसली होतीस ना? म्हणाली, "बसले होते की. पण दुखत नव्हतं, मग म्हटलं असेल काहीतरी. आणि माइकवाल्या डॉक्टरांना सगळ्यांसमोर काय विचारू? तपासायला जायचं म्हणजे दिवसाच्या हजार विड्या बुडाल्या."

मला रागवता आलं नाही. दुखत नसलेल्या गाठीचाच जास्त संशय घ्यायचा असतो, हे त्या चाळीस मिनिटांत कोणी सांगितलं होतं का, ते मला आठवत नाही. फुगे आठवतात.

तिचे उपचार चालू आहेत, त्याबद्दल विचारायचं नाही. विचारायचं हे आहे: यंदा परत करायचं तर काय करू, कुठे करू, आणि ऐकलेली बाई तपासणीपर्यंत पोचेल कशी? पैसे फार नाहीत. मंडळात आम्ही नऊजणी आहोत, त्यातल्या चौघींचे गुडघे गेलेत.

वॉर्ड_क्र_७

बाई, मी नर्स आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. आधी तपासणीची सोय पक्की करा, मग बोलायचं ठरवा. उलटं केलं की तुमच्या गेल्या वर्षीसारखं होतं.

सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईची पाच वर्षांतून एकदा स्तनांची हाताने तपासणी व्हायला हवी. तोंडाची आणि गर्भाशयमुखाचीही त्याच कार्यक्रमात असते. तुमच्या भागातल्या आशाताईंना आणि नागरी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना भेटा. एकच मागा: आम्ही बोलू त्याच दिवशी, त्याच गल्लीत, तपासणारी बाई आणि एक पडदा. "पुढच्या आठवड्यात केंद्रावर या" म्हटलंत की शंभरातल्या दहा येतील.

बोलताना आकृती नको. काय दिसलं तर यायचं एवढंच सांगा: स्तनात किंवा काखेत गाठ, दुखो न दुखो. कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं, खळी पडणं. बोंड आत ओढलं जाणं, त्यावर न भरणारी जखम, त्यातून रक्त येणं. बोंडच म्हणा, "स्तनाग्र" म्हटलं की बायका एकमेकींकडे बघतात.

आणि हे विसरू नका: बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींत तर बोटाखाली सरकणाऱ्या साध्या गाठी खूप. हे आधी सांगितलं नाही तर भीतीनेच बाई यायची नाही. दुसरी भीती सुईची. "सुई टोचली की पसरतो" हे मी अजून दर आठवड्याला ऐकते. तसं होत नाही. सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की काय ते कळतच नाही.

त्रैराशिक

तुमचा अनुभव मुंबईतल्या एका मोठ्या प्रयोगाशी जुळतो म्हणून लिहितो. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईतल्या २० वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया घेतल्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी माहिती द्यायच्या आणि हाताने तपासायच्या, अशा चार फेऱ्या. उरलेल्या निम्म्या वस्त्यांत फक्त एकदा माहिती. म्हणजे तुमचा हॉल! वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये छापून आला. तपासलेल्या वस्त्यांत आजार लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा ठळक फरक दिसला नाही. सगळ्या वयांची मिळून घट १५ टक्के, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, म्हणजे निव्वळ योगायोगही असू शकते. मॅमोग्राफीचं (स्तनांच्या एक्स-रेचं) यंत्र कुठेच नव्हतं, नुसते शिकवलेले हात.

दुसरं, "दर महिन्याला आरशासमोर अशी अशी तपासणी करा" यावर फार वेळ घालवू नका. शांघायमध्ये २,६६,०६४ कापड कामगार स्त्रियांवर प्रयोग झाला, निम्म्यांना ती पद्धत नीट घोटून शिकवली. २००२ मध्ये आलेला निकाल असा की मृत्यूंत फरक नाही, साध्या गाठींच्या बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) मात्र वाढल्या. आपलं अंग आपल्याला माहीत असावं, बदल दिसला तर दाखवावा, एवढं पुरे.

आणि बार्शीचं नाव आलंच आहे तर: देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, म्हणजे भागातल्या प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवण्याचं काम, तिथेच, १९८७ ची. नोंदणीचे लोक गावोगाव फिरताना बायकांशी बोलत राहिले, आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या बायका आधीच्या अवस्थेत येऊ लागल्या. तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे.

सोन्नलगी

टीचर, मी त्याच भागातला, हल्ली पुण्यात. तेलुगूत गाठीला गड्ड म्हणतात आणि स्तनाला रोम्मु. कानडीत गाठ म्हणजे गंटु. "रोम्मुलो गड्ड" एवढे दोन शब्द घेऊन गेलात तरी काम होईल. फक्त जानेवारीत कार्यक्रम ठेवू नका, गड्ड म्हटलं की सगळ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला निघतील. 😄

विनोद सोडा. माझी आजी विड्या वळायची. वळलेला माल द्यायला बायका रोज जातात, तिथे मोजणी होईपर्यंत रांगेत बसून असतात. त्या वेळात त्यांचे हात रिकामे असतात. घरी गेलात तर मांडीवर सूप असतं, तोंडाने हो हो म्हणतील, लक्ष पानावर.

हिरवी_बांगडी

संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्यात सोपं नाही का? बायका आपणहून येतात, वाण म्हणून छोटं माहितीपत्रक देता येईल. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत छान झालं होतं.

पाटी_पेन्सिल

@हिरवी_बांगडी, माझ्याही डोक्यात आधी तेच होतं. पण त्रैराशिक यांनी लिहिलेलं वाचलं आणि थांबले. फायदा सगळ्यात ठळक दिसला तो पन्नाशीपुढच्यांत. आमच्याकडे त्या वयाच्या किती बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात? नवरा गेलेली बाई दारातूनच परत फिरते, किंवा येतच नाही. जिला सांगायला हवं तीच बाहेर. आम्ही सगळ्यांना बोलावू म्हटलं तरी त्या येणार नाहीत, मला माहीत आहे.

@सोन्नलगी, रांगेचं एकदम पटलं. माझ्या कसं लक्षात आलं नाही! वर्षानुवर्षं पालकसभेला बायका येत नाहीत म्हणून कुरकुरत होते, आणि त्या रोज एका ठिकाणी तासभर बसलेल्या असतात.

दादरकर_जुने

पुरुष आहे, घुसलो तर चालेल ना? आमच्या घरात हे झालंय, म्हणून एक सांगतो. ताईने गाठ दाखवली, पण "आधी घरगुती लेप लावून बघू" हे ठरवलं भावोजींनी आणि सासूने. चार महिने गेले. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं. तुमच्या रांगेबाहेर नवरे सायकली, गाड्या घेऊन उभे असतील तर त्यांनाही दोन वाक्यं ऐकवा. त्यांना सांगायला एक कारणही आहे, शंभरातला एखादा रुग्ण पुरुष असतो.

वॉर्ड_क्र_७

आणि कागद! गाठ सापडल्यावर खरी धावपळ तिथे होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन बसतं. यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना गाठायचं. पण रेशनकार्डावर एक नाव, आधारवर माहेरचं आडनाव, असं निघालं की आठवडे जातात. तुमच्या गुडघे गेलेल्या चौघींना हे काम द्या, बसून कागद बघायचे. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर तेही जवळ ठेवायला सांगा.

पाटी_पेन्सिल

सगळ्यांचे आभार. काल मोजणीच्या ठिकाणी जाऊन आले. मुकादम आधी "इथे दवाखाना नको" म्हणाला, मग त्याच्याच आईचं नाव मी पहिलं लिहिलं तेव्हा गप्प बसला. शेजारची खोली दुपारी दोन तास मिळेल. सिस्टर महिन्यातून दोन बुधवार देणार आहेत. जूनवाली विद्यार्थिनी म्हणाली, "मी येते, पण माइक नको आणि फोटो नको. रांगेत बसून बोलेन." तेलुगू तीच बोलेल, मी गप्प.

अजून दोन गोष्टी अडल्यात. गाठ सापडूनही पुढे जायला "नको" म्हणणारीच्या मागे किती वेळा जायचं, हे कोणी अनुभवाने सांगाल का? तीनदा गेलं की तिच्या घरचे दार लावून घेतील अशी भीती वाटते. आणि खोलीला खिडकी आहे, दाराला कडी नाही. पडद्यासाठी जाड कापड हवं. सोलापुरात राहून चादर मागायची म्हणजे कमालच, पण कोणाकडे दोन जुन्या जाड चादरी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फाटक्या चालतील, आरपार दिसता कामा नये.