वेतोबाला ‘बॉस’ करण्याआधी

कोकणी_क्लेरिक
काल या फोरमवर ‘आरवलीचा वेतोबा, लेव्हल ९ बॉस’ असा स्टॅट ब्लॉक पडला, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट रचायच्या खेळातल्या शत्रूचा तक्ता. अनडेड (मेलेला पण हिंडणारा), १२० हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा), मारला की खजिना. खाली शेरा : ‘पुराणं म्हणजे मॉन्स्टरची फुकट खाण.’ संताप झाला. वेतोबा सिंधुदुर्गातल्या आरवली गावाचा राखणदार देव आहे. तो रात्री गावाभोवती फिरतो म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, नवसाचे केळ्यांचे घड आणतात. खेळायला एवढं असताना तुम्ही उचललंत काय, तर मारामारी! या खेळाच्या १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअल या पुस्तकाने राक्षसाला वाघाचं डोकं लावलं, १९८०च्या डायटीज अँड डेमिगॉड्सने विष्णूला आर्मर क्लास (त्याला वार लागणं किती कठीण तो आकडा) दिला. ते लिहिणारे अमेरिकेत होते. तुम्ही तर इथलेच ना?

नॅट_वीस
ब्लॉक माझा. त्याच डायटीज अँड डेमिगॉड्समध्ये ग्रीकांच्या झ्यूसला आणि नॉर्स लोकांच्या ओडिनलाही हिट पॉइंट्स आहेत. आम्ही जन्मभर एल्फ-ड्वार्फच खेळायचे का? माझ्या टेबलावर खेळणाऱ्या पोरांनी वेतोबाचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते याच ब्लॉकमुळे.

कोकणी_क्लेरिक
ओडिनला आज कुणी नवस बोलत नाही.

फासेवाला
बोलतात. आइसलँडमध्ये आसात्रू, म्हणजे ओडिनसारख्या जुन्या नॉर्स देवांची उपासना, १९७३पासून मान्यताप्राप्त धर्म आहे. आपल्या देवाला एक न्याय, त्यांच्या देवाला दुसरा?

पेडण्याची_पोर
आणि आपल्या दशावतारी नाटकाचं काय? संकासुर काळ्या वेशात येतो, प्रेक्षकांची यथेच्छ मस्करी करतो. लहानपणी मी त्याला घाबरून आईच्या पदराआड लपायचे, दुसऱ्या वर्षी पुन्हा पुढच्या रांगेत. देवादिकांशी खेळायला आम्हाला हा खेळ घडवणाऱ्या गॅरी गायगॅक्सने शिकवलेलं नाही.

कोकणी_क्लेरिक
दशावतारात आधी पेटाऱ्याची पूजा होते, मग खेळ. समोर गाव बसलेलं असतं, चुकलं तर तिथल्या तिथे सुनावतं. तुमच्या टेबलावर कोण सुनावणार?

पेडण्याची_पोर
मी सुनावते की! पण कॅरेक्टर शीट (आपल्या पात्राचा तक्ता) मराठीत मागितली तेव्हा याच मंडळींनी मला हसून गप्प केलं. देव आमचे हवेत, भाषा नको. मला राग त्याचा आहे.

फासेवाला
भाषेचा इथे काय संबंध?

पेडण्याची_पोर
देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं इंग्रजीत घालून दाखवा, मग संबंध विचारा.

नॅट_वीस
बरं. ‘अनडेड’ काढतो, ते चुकलंच. चपला आणून दिल्या तर तो वाट सोडेल, असा दुसरा मार्गही घालतो. हिट पॉइंट्स मात्र राहणार. पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या टोळीला, लढायचंच असेल तर मी अडवणार नाही.

कोकणी_क्लेरिक
लढू देत. पण तो पडल्यावर खजिना नको. त्या रात्रीपासून गावाला राखणदार उरत नाही, ते पुढच्या सेशनला खेळायला लावा.