खडपातली शेवंडीची (लॉबस्टरची) जाळी आणि आमचे गळ: काही तोडगा?

गळवाला_परळ
वरळीच्या खडपावर (काठच्या खडकांवर) रविवारी पहाटे लूर (नकली मासा लावलेला गळ) मारायला जातो. गोब्रा, तांबोशी, नशीब असेल तर जिताडा. हल्ली भांगाच्या (अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते त्या) दिवसांत टाकायला जागाच सापडत नाही. इथून तिथून शेवंडीच्या जाळ्यांचे थर्माकोलचे बोये (तरंगे), मधेच खेकड्यांचे पिंजरे. परवा माझा साडेसहाशेचा पॉपर (पाण्यावर ओढायचा लूर) जाळ्यात गेला. "दादा, सोडवतो" म्हणेपर्यंत होडीतल्या माणसाने सुरीने माझी ब्रेड (गळाची विणलेली दोरी) कापली, वर चार शिव्या. समुद्र काय कुणाच्या सातबारावर आहे? उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) पाणी गढूळ, मासा लूरकडे बघतही नाही, म्हणजे आम्हाला महिन्यातले मोजकेच दिवस. दोघांचं जमेल असं कुणी काही केलंय का? (भांडायला येऊ नका, त्यासाठी घर आहे.)

वरळीकर_नाखवा
सातबारा नाही, कबूल. पण भांग तुम्हाला लागतो तसा आम्हालाही लागतो. उधाणाच्या ओढीत जाळं खडपाला गुंडाळून फाटतं, म्हणून अष्टमीच्या आगेमागेच टाकतो. शेवंड रात्री कपारीतून बाहेर पडते. सांजेला टाकायचं, पहाटे ओढायचं, आणि नेमके तेव्हाच तुम्ही हजर.

पॉपरचे ते तीन तोंडांचे गळ जाळ्यात बसले की हाताने निघत नाहीत. होडी हलतेय, जाळं निम्मं वर आलंय आणि काठावरून तुमची ब्रेड ताणलेली. बोट कापतं हो. त्या ओढाताणीत शेवंडीची मिशी नाहीतर पाय तुटला की भाव गेला, व्यापाऱ्याला जिवंत आणि अख्खी लागते. शिव्या द्यायला नको होत्या. ब्रेड मात्र मीही कापली असती.

आणि जागा कमी का झाली तेही बोला. कोस्टल रोडच्या भरावात खडप गेलं. होड्या जायला त्याच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० चं १२० मीटर करून घेताना नाकीनऊ आले. उरलेल्या तुकड्यात आता तुम्ही आणि आम्ही.

मढवाली
आमच्याकडे ओळखीचे गळवाले येतात ते आधी हाक मारतात, "दादा, जाळं कुठवर?" हात करून दाखवलं की दुसऱ्या बाजूला टाकतात. जाळी निघाली की अख्खं खडप त्यांचंच. एकदोघे तर होडी वर ओढायला हातही लावतात, मग घरचा चहा मिळतो. अनोळखी माणूस हेडफोन लावून उभा असेल तर त्याला काय सांगणार?

जुना_गळकरी
तुम्ही दोघं भांडताय, पण चपटी शेवंड मुंबईतून १९९४ च्या सुमारास गेली ती ट्रॉलमुळे (यांत्रिक बोटींच्या तळ खरवडणाऱ्या जाळ्यांमुळे). अंड्यांवरच्या माद्यासुद्धा खरवडून नेल्या. काठावरचा गळ आणि वल्ह्याची होडी त्यात कुठेच नव्हती. नाखवा, एक विचारू? ३०० ग्रॅमच्या आतली हिरवी पट्टेवाली शेवंड निर्यातीला चालत नाही, मग ती बाजारात येते कशी?

वरळीकर_नाखवा
हॉटेलवाले घेतात म्हणून येते. अंड्यांवरची मी सोडतो, सगळे सोडतात असं म्हणणार नाही.

गळवाला_परळ
हाक मारायची कल्पना पटली. पण अंधारात होडीच दिसत नसेल तर बोये कुणाचे, जाळं कुठल्या दिशेला, काठावरून कसं कळणार?

वरळीकर_नाखवा
दोन टोकांना दोन मोठे बोये असतात, त्यांच्या मधल्या रेषेवर टाकू नका. आदल्या सांजेला बंदरावर या, कोण कुठे टाकणार ते तिथेच कळेल. आणि पॉपरला एकच गळ लावा, अडकला तर मी स्वतः काढून देईन.