कायदा आणि न्यायव्यवस्थेतील नोकऱ्यांसाठीचे शिक्षण : पुण्यातील अनुभव

बारावीचा निकाल लागला की आमच्या महाविद्यालयाच्या मार्गदर्शन कक्षात ‘कायद्याच्या क्षेत्रात काम करायचे आहे’ असे सांगणारी मुले येतात, आणि वकील, न्यायाधीश व पोलीस यांपलीकडे या क्षेत्रात कोण काम करते याची त्यांना व त्यांच्या पालकांना बहुधा कल्पना नसते. पुण्यात शिकून याच क्षेत्रात पोट भरणाऱ्यांनी अभ्यासक्रमातले काय कामाला आले आणि काय नोकरीत शिकावे लागले, ते येथे लिहावे. संस्थांची जाहिरात नको आणि बदनामीही नको.

वकील, शिवाजीनगर न्यायालय

१९२४ साली सुरू झालेल्या आयएलएस विधी महाविद्यालयात मी तीन वर्षांचा अभ्यासक्रम केला. अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे काल्पनिक खटल्यात वकिलासारखा युक्तिवाद करण्याच्या, स्पर्धांनी उभे राहून बोलण्याची भीती घालवली, हे मान्य करावेच लागेल. मात्र सिनिअरांनी सुरुवातीला हाती दिलेली कामे म्हणजे बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) पाहणे, मुदतवाढ मागणारा अर्ज लिहिणे आणि न्यायालयातील कागदांच्या नकला काढणे; यांपैकी एकही वर्गात शिकवले गेले नव्हते. पालकांनी पैशाचा विचार आधीच करावा. वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, आणि कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० रुपये विद्यावेतन द्यावे, ही भारतीय विधिज्ञ परिषदेची (बार कौन्सिलची) ऑक्टोबर २०२४ मधील शिफारस आहे, सक्ती नव्हे.

कनिष्ठ लिपिक, न्यायालय

माझ्याकडे कायद्याची पदवी नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि टंकलेखनाची मराठी ३० व इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाची प्रमाणपत्रे एवढ्या बळावर मी परीक्षा दिली. आमचे काम समन्स, मुद्देमालाच्या (जप्त वस्तूंच्या) नोंदी आणि मुख्यतः रोजनामा, म्हणजे खटल्यात त्या दिवशी काय झाले याची नोंद, यांभोवती फिरते. ‘आरोपी हजर’ आणि ‘आरोपी वकिलामार्फत हजर’ या दोन नोंदींतील फरक नवख्याला किरकोळ वाटतो; वर अपील गेले की त्याच ओळीवर वाद होतो.

परिविक्षा अधिकारी, महिला व बालविकास विभाग

कर्वे समाज सेवा संस्थेत मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली. फौजदारी न्यायाचा विचार करताना आमचे पद सहसा कोणाला आठवत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलाला, प्रथम बाल न्याय मंडळापुढे उभे केल्यापासून पंधरा दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल द्यावा, असे २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. तेवढ्या काळात घर, शाळा, शेजार, मुलाची संगत, वडिलांचे काम, असल्यास व्यसन, हे सारे पाहून मंडळाला निर्णय करता येईल असे काही पानांत मांडायचे असते. क्षेत्रकार्यात वस्तीत जाऊन मुलाखती घेण्याची सवय लागली होती आणि मार्गदर्शक प्राध्यापिका प्रत्येक नोंदीवर ‘हे तुम्ही पाहिले, की ऐकले?’ असा शेरा मारत असत. तेव्हा त्याचा राग येई. आज अहवाल लिहिताना मी आईचे म्हणणे, शेजाऱ्याचे म्हणणे आणि माझे निरीक्षण वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवते, ती शिस्त त्या शेऱ्यांतूनच आली आहे. कायद्याची कलमे मात्र नोकरीत वाचली. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना पदवीच्या काळातच मंडळाचे कामकाज समजावून दिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, कारण पहिल्याच दिवशी मंडळाने प्रश्न विचारल्यावर ‘मी नवीन आहे’ हे उत्तर त्या मुलाच्या काही उपयोगाचे नसते.

न्यायसहायक विज्ञानातील (फॉरेन्सिक) पदव्युत्तर, खासगी क्षेत्रात डिजिटल पुराव्यांचे काम

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे अशी तरतूद आहे, आणि तिची अंमलबजावणी करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. या एका वाक्यावर शहरात किती ‘हमखास नोकरी’ देणारे वर्ग निघाले! माझ्या धाकट्या भावाने अशाच एका वर्गाचे शुल्क भरले; मिळालेले प्रमाणपत्र एकाही सरकारी जाहिरातीतील पात्रतेत बसत नव्हते. प्रवेश घेण्यापूर्वी भरतीची जुनी जाहिरात काढून पात्रतेचा रकाना वाचावा. माझे स्वतःचे काम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राशी निगडित आहे. त्यातील तज्ज्ञाने भरायच्या भागात हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये बदल झाला आहे का हे ओळखू देणारा तिचा अंकाक्षरी ठसा, लिहावे लागते. ते काढणे सोपे आहे, पण उलटतपासणीत ते साध्या मराठीत समजावून सांगणे अवघड जाते.

करार तपासणी, हिंजवडी

विधी पदवीनंतर मी न्यायालयाची पायरी चढलो नाही. इंग्रजी नेटके असेल आणि दिवसभर एकाच प्रकारचे करार वाचण्याचा कंटाळा नसेल, तर पगार वेळेवर होतो.

विधी पदवीधर, न्यायाधीशपदाची तयारी

पदवी मिळताच दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) परीक्षेला बसायचे, असे माझे ठरले होते. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली तेव्हा घरी सर्वांचाच हिरमोड झाला. निकाल मुळातून वाचल्यावर लक्षात आले की हा काळ वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजला जातो आणि न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क (संशोधन सहायक) म्हणून केलेले कामही त्यात धरले जाते. म्हणून नोंदणी होताच फौजदारी काम पाहणाऱ्या एका वकील मॅडमकडे रुजू झाले. वर लिपिक ताईंनी लिहिलेला रोजनामा आता मी रोज वाचते, आणि साक्षीदार तिसऱ्यांदा का परत गेला हे त्यातूनच शोधून मॅडमना सांगते. अभ्यास रात्री नऊनंतर होतो. नोंदणीचे कागद मात्र पदवीच्या निकालाच्या आठवड्यातच तयार ठेवावेत, कारण तेथे गेलेले महिने अटीच्या हिशेबात मिळत नाहीत.